पट्टीत न दिसलेले 4,702 रुपये

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी ऑर्डर टाकली आणि डबा भरायला घेतला. जुलै 2024 मधली गोष्ट. वऱ्हाडातल्या कारंज्याहून कामरगावच्या बाजूला शाळेत जायचं असल्यामुळे शेअर बाजारासाठी माझ्याकडे सकाळची तेवढीच पंधरा मिनिटं असायची. वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता खात्यावर आला होता आणि तो नुसता पडून राहू द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. सोयाबीन गाळून तेल काढणारी एक छोटी कंपनी पाहण्यात आली. सोयाबीन आमच्या घरचं पीक, त्यातलं आपल्याला थोडंफार कळतं, एवढ्या भरवशावर 1,500 शेअर घ्यायचे ठरवले. फोनवर भाव दिसत होता 61 रुपये 50 पैसे. "नक्की हवेत ना, मग थोडा वरचा भाव टाका. मिळतात ते बाजारातल्या भावानेच मिळतात," असं एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं, म्हणून मर्यादा 66 रुपये टाकली. डब्याचं झाकण लावेपर्यंत ऑर्डर पूर्ण झाल्याचा निरोप आला. सरासरी भाव 64 रुपये 73 पैसे.

मला वाटलं, तेवढ्या मिनिटात भाव वर गेला असेल. बसमध्ये बसून पुन्हा पाहिलं, तर भाव 61 रुपये 70 पैसे. मग मी जे जास्तीचे रुपये मोजले ते कुठे गेले? दिवसभर वर्गात शिकवताना तेच मनात होतं.

त्याच्या महिनाभर आधी मी स्टेट बँकेचे दहा शेअर घेतले होते. तेव्हा घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा भाव यांत पाच पैशांचं अंतर होतं. 830 रुपयांच्या वस्तूवर पाच पैसे, म्हणजे शंभराला एक पैसाही नाही. जो भाव डोळ्यांनी पाहिला तोच हातात पडला. शेअर बाजारात सगळीकडे असंच असणार, असं मी तेव्हा धरून चालले.

संध्याकाळी ईमेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे दिवसाच्या सौद्यांचा हिशोब, आली. मी आधी खर्चाचे रकाने तपासले. दलाली, एसटीटी, मुद्रांक शुल्क, शेअर बाजाराचं शुल्क, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं शुल्क, त्यावर जीएसटी. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यांवरचा कर, ऑक्टोबर 2004 पासून लागू आहे. शेअर घेऊन ठेवायचे असतील तर घेताना शंभराला दहा पैसे आणि विकताना पुन्हा दहा पैसे. मला तो 97 रुपये लागला होता. जुलै 2020 पासून देशभर एकाच दराने लागणारं मुद्रांक शुल्क 15 रुपये. सगळं मिळून दीडशेच्या आत. कुठेही लबाडी नव्हती, आकडे चोख होते, आणि तरी हिशोबाने लागायचे त्यापेक्षा हजारो रुपये जास्त गेले होते.

माझे सासरे, मामाजी, कारंज्याच्या बाजार समितीत मापारी होते. उभं आयुष्य काट्याजवळ गेलेलं. शेअर बाजाराशी त्यांचा कधी संबंध आला नाही, पण पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाचा कागद, वाचणं हा त्यांचा हातखंडा. मी कॉन्ट्रॅक्ट नोट छापून आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी खर्चाच्या रकान्यांकडे पाहिलंच नाही. वरच्या बाजूला सौद्यांची यादी असते, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे पाच ठिकानी माल घेतलाय तुनं. एका ढिगाचा नाही हा."

तेव्हा कुठे मी ती यादी नीट वाचली. 110 शेअर 62 रुपये 40 पैशांनी. 240 शेअर 62 रुपये 95 पैशांनी. 150 शेअर 63 रुपये 80 पैशांनी, 400 शेअर 64 रुपये 90 पैशांनी आणि उरलेले 600 पूर्ण 66 रुपयांनी. वेळ सगळ्यांची एकच, सेकंदही तोच. म्हणजे त्या क्षणी विकायला उभ्या असलेल्या माणसांची रांग होती, आणि पहिल्या माणसाकडे फक्त 110 शेअर होते. ते संपले तसा मी दुसऱ्याचा माल उचलला, मग तिसऱ्याचा, आणि प्रत्येक पुढचा माणूस जास्त भाव सांगत होता. बाजार वर गेलाच नव्हता. माझ्याच ऑर्डरने भाव पायरी पायरीने वर नेला होता, आणि माझी खरेदी संपताच तो पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसला.

फोनवरचा 61 रुपये 50 पैसे हा भाव कुणाच्यातरी मागच्या सौद्याचा होता, हेही मला तेव्हाच समजलं. पुढच्या खरेदीदाराला तो मिळेल असं त्यात कुणीही म्हटलेलं नसतं. त्या सकाळी घेणाऱ्यांतला सर्वांत वरचा भाव होता 60 रुपये 80 पैसे, विकणाऱ्यांतला सर्वांत खालचा 62 रुपये 40 पैसे. मधोमध 61 रुपये 60 पैसे. त्या भावाने 1,500 शेअरचे 92,400 रुपये होतात. मी दिले 97,102. फरक 4,702 रुपये. शंभराला पाच रुपयांच्या वर.

या फरकाला शेअर बाजारात नाव आहे, इम्पॅक्ट कॉस्ट. आपल्या खरेदीच्या धक्क्याने भाव किती सरकला, त्याचं माप. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज ते नियमाने मोजतं. निफ्टी 50 मध्ये एखादी कंपनी घ्यायची तर 10 कोटी रुपयांच्या शेअरसंचाच्या हिशोबाने, गेल्या सहा महिन्यांतल्या 90 टक्के निरीक्षणांत, हा खर्च सरासरी अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असावा लागतो. मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, ठरवण्यासाठी सगळ्या शेअरचे तीन गट केलेले असतात. पहिल्या गटात यायला सहा महिन्यांतल्या किमान 80 टक्के दिवशी सौदे झालेले हवेत, आणि 1 लाख रुपयांच्या ऑर्डरचा इम्पॅक्ट कॉस्ट एक टक्क्याच्या आत हवा. एक लाख! माझी ऑर्डर जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे ज्या मापाने मला आधीच कळू शकलं असतं, ते माप माझ्याच आकाराच्या ऑर्डरवर बेतलेलं होतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पुस्तकात याच्या उलट गुणाला तरलता म्हणतात. मराठीच्या तासाला तरल म्हणजे भावना, कल्पना, धुकं असं मी शिकवते, त्यामुळे तो शब्द पैशांजवळ येईना. मामाजींनी सहज दुसरा शब्द वापरला आणि मला अर्थ लागला. ते म्हणाले, "त्या मालाले उठाव नाही." उठाव! बाजारात ढीग टाकला की तो दिसत्या भावाने, आज, सगळाच्या सगळा उचलला जाणं. भाव चांगला असणं वेगळं आणि उठाव असणं वेगळं.

मग मी त्यांना खरा अडलेला प्रश्न विचारला. स्टेट बँकेत पाच पैसे आणि इथे दीड रुपयाच्या वर, हे अंतर ठरवतं कोण? त्यांनी हर्रासीचं, म्हणजे लिलावाचं, उदाहरण दिलं. यार्डात ढिगाभोवती दहा खरेदीदार उभे असले तर शेवटच्या दोघांत पाच-दहा रुपयांची चढाओढ होते. गावात खेडा खरेदीला एकच व्यापारी येतो, तो एकदा भाव सांगतो आणि गाडी वळवतो. पण माणसं कमी एवढंच कारण त्यांनी धरलं नाही. "व्यापारी भेते, पोरी. ढिगाच्या खाली काय हाय ते त्याले दिसत नाही. ओल हाय का माती हाय. मंग तो आपलं भेव भावातून कापते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढे वाचताना दिसलं की अर्थशास्त्रात हीच गोष्ट लॉरेन्स ग्लॉस्टन आणि पॉल मिलग्रॉम यांनी 1985 मध्ये गणिताने मांडली आहे. भाव सांगणाऱ्याला भीती असते की समोरचा आपल्यापेक्षा जास्त जाणतो. ज्याला कंपनीची आतली खबर आहे तो खबर वाईट असेल तेव्हा विकायला येणार, चांगली असेल तेव्हा घ्यायला येणार, आणि दोन्ही वेळा भाव सांगणारा फसणार. ते नुकसान भरून काढायला तो घेण्याचा भाव खाली आणि विकण्याचा भाव वर ठेवतो. जाणकार कोण आणि माझ्यासारखी अजाण कोण, हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून ते अंतर सगळ्यांनाच भरावं लागतं. याच मिलग्रॉम यांना 2020 मध्ये रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत लिलावाच्या सिद्धान्तासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हर्रासी पाहत आयुष्य काढलेल्या माणसाने तेच मला ओसरीवर सांगितलं होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

स्टेट बँकेबद्दल शेकडो माणसं रोज लिहितात, तिचे हिशोब हजारो लोक तपासतात. ढिगाच्या खाली काय आहे ते बऱ्यापैकी सगळ्यांना ठाऊक. त्या छोट्या कंपनीबद्दल तीन महिन्यांतून एकदा चार पानांचा निकाल येतो, बाकी अंधार. मोठा वाटा मोजक्या मालकांकडे, बाजारात फिरणारे शेअर थोडे. त्यात आणखी एक गोष्ट. घेणाऱ्याला माल आपल्याजवळ ठेवायचा धोका असतो. व्यापारी सोयाबीन घेऊन प्लांटवर नेईपर्यंत भाव पडला तर तोटा त्याचा. ज्या शेअरला पुढचं गिऱ्हाईक दहा सेकंदांत भेटतं, तिथे हा धोका जवळपास नाही. जिथे दहा दिवस लागू शकतात, तिथे तो दहा दिवसांची धास्ती भावात धरतो. म्हणून उठाव नसलेल्या मालाचा उठाव आणखी कमी होत जातो.

इथे मामाजींनी कारंज्याचा विषय काढला, आणि तो मी टाळू शकत नाही. देशातला पहिला नियंत्रित बाजार आमच्या कारंज्यात झाला, 1886 मध्ये, कापसासाठी. तेव्हा वऱ्हाड हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या ताब्यात होता आणि त्याच्या हुकमाने हा बाजार बांधला गेला. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात हवा होता, हा त्यामागचा हेतू, शेतकऱ्याचा कळवळा नंतरचा. पण बाजाराला नियम आले. पुढे 1897 मध्ये वऱ्हाडाच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने असे बाजार देशभर करावेत अशी शिफारस केली. मुंबईच्या शेअर दलालांची संस्था 1875 ची. कारंज्याचा बाजार त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी.

त्या काळी देशातल्या कितीतरी बाजारांत रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरायचा. मालाचा धनी शेजारी उभा असायचा आणि त्याला भाव कळायचा नाही. त्यावर वजनातून कापला जाणारा कडता, नमुन्याचा माल, धर्मादाय, वजनातली खोट. पट्टीवर येणारा खर्च थोडा आणि पट्टीबाहेरचा जास्त. उघडी बोली आणि तपासलेला काटा आला तेव्हा हा पट्टीबाहेरचा खर्च आवाक्यात आला. शेअर बाजारातही तसंच घडलं. मुंबईत 1995 पर्यंत सौदे रिंगणात ओरडून होत, आणि तारवणीवाले म्हणजे घेण्याचे-विकण्याचे दोन्ही भाव सांगणारे जॉबर मधलं अंतर ठेवून कमवायचे. लांबच्या गिऱ्हाइकाला रिंगणात काय भाव चालला होता ते कळायला मार्ग नव्हता. नोव्हेंबर 1994 मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने पडद्यावर शेअरचे सौदे सुरू केले, मार्च 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारानेही संगणक आणला. आता कारंज्यात बसलेल्या शिक्षिकेला आणि मुंबईतल्या दलालाला एकाच वेळी एकच रांग दिसते.

म्हणूनच मला माझी चूक जास्त लागली. रुमाल कधीच काढून टाकलेला होता. घेणाऱ्यांच्या पाच ओळी आणि विकणाऱ्यांच्या पाच ओळी माझ्या फोनवर उघड्या होत्या, एका बोटाच्या अंतरावर. मी त्या पाहिल्या नाहीत.

पुढचा धडा ऑक्टोबरमध्ये मिळाला. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये आणि बाजार त्याच्या कितीतरी खाली, असे ते दिवस. कंपनीचा निकाल खराब आला. शेअर 58 वरून एका दिवसात 55 रुपये 10 पैशांवर आला आणि तिथेच गोठला. त्याला दिवसाला पाच टक्क्यांपेक्षा जास्त पडायची मुभा नव्हती, याला लोअर सर्किट म्हणतात. विकणाऱ्यांच्या रांगेत हजारो शेअर, घेणाऱ्यांच्या पाचही ओळी कोऱ्या. दुसऱ्या दिवशी 52 रुपये 35 पैसे, तेच चित्र. मुलीच्या अमरावतीच्या वसतिगृहाची फी भरायची होती आणि माझे स्वतःचे पैसे मला दिसत होते, पण हाताला लागत नव्हते. भाव रोज छापून येतो आहे आणि शेअर विकता येत नाही, हे मला कितीही वाचून पटेना. मामाजी म्हणाले, "गिऱ्हाईकच नाही तं तो भाव कायचा?" फी शेवटी पतसंस्थेतून उचलून भरली. त्या कर्जाचं व्याजसुद्धा मी या व्यवहाराच्या खर्चात धरते.

चौथ्या दिवशी शेअर मोकळा झाला. या वेळी मी घाई केली नाही. घेणाऱ्याच्या भावाला जाऊन माल टाकण्याऐवजी विकणाऱ्यांच्या रांगेत माझा भाव लावून उभी राहिले. पाच दिवसांत 300, 250, 400, 350 आणि 200 असे तुकडे गेले, सरासरी 50 रुपये 70 पैशांनी. मधलं अंतर या वेळी मी भरलं नाही, ते समोरून आलेल्या घाईच्या माणसाने भरलं. जुलैमध्ये माझे 600 शेअर 66 रुपयांना विकणारा माणूस असाच शांतपणे उभा असणार. मला त्याचा राग नाही. तो उभा होता म्हणून मला शेअर मिळाले.

पण थांबण्यालाही पैसे पडतात. एक दिवस सकाळपासून कुणी आलं नाही आणि दुपारपर्यंत भाव रुपयाने उतरला. शिवाय डीमॅट खात्यातून शेअर विकले की प्रत्येक कंपनीमागे, प्रत्येक दिवसाला, ठरलेलं डीपी शुल्क लागतं. शेअर दहा असोत की हजार, शुल्क तेच. मी पाच दिवस विकले, पाच वेळा भरलं. सहा क्विंटल सोयाबीनसाठी यार्डापर्यंत टेम्पो करायचा की गावातच खेडा खरेदीला द्यायचं, हा हिशोब आमच्याकडे दरवर्षी होतो. तुकडे किती करायचे याचा हिशोब अगदी त्याच जातीचा आहे.

सोयाबीनचा विषय निघाला म्हणून सांगते. डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनसह काही शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवली. वायद्यांमुळे भाव फुगतात, अशी भीती त्यामागे होती. आमच्या नात्यातले एक अडते म्हणतात की पुढच्या महिन्याचा भाव दिसायची खिडकी गेल्यावर घेणारा जास्तच जपून बोलतो. त्यांचं म्हणणं मला पटतं, कारण अंधारात उभ्या असलेल्या माणसाचा भाव कसा असतो हे मी माझ्या पैशाने पाहिलं आहे.

माझा सगळा तोटा 21,000 रुपयांच्या आसपास झाला. त्यातला मोठा भाग कंपनीच्या निकालाचा, आणि शेअर घेतला की तो धोका आलाच. पण 4,702 रुपये पूर्ण माझ्या न पाहण्याचे होते. अर्थसंकल्प आला की एसटीटी किती वाढला यावर सगळे बोलतात, दलाली शून्य असल्याच्या जाहिराती फोनवर रोज दिसतात, आणि मला त्या कराच्या अठ्ठेचाळीस पट पडलेल्या खर्चाबद्दल कुणी एक शब्द सांगितला नव्हता.

आमच्या शाळेतल्या दोन तरुण शिक्षकांनी यंदा डीमॅट खातं उघडलं आहे. त्यांच्याकडून मी पहिल्या ऑर्डरआधी कागदावर लिहून घेतलं. विकणाऱ्यांच्या पाच ओळी, प्रत्येकीसमोर किती शेअर, आणि आपल्याला हवे तेवढे होईपर्यंत त्यांची बेरीज. दोन मिनिटं लागतात. तुमच्या घरात कुणी नव्याने सुरुवात करत असेल, तर त्यांच्याकडूनही एवढं लिहून घ्या, आणि सकाळी सव्वानऊच्या घाईत घेऊ नका.